गोजराचं गाणं आणि दगडी हत्ती

ऐका हं. एक होता हत्ती. दगडाचा, बरं का. देवळाच्या दारात शंभर वर्षं उभा. त्या नगरात रीतच होती, की ज्याच्या गाण्याला हत्ती दाद देईल, त्यानेच देवापुढे सकाळचं गाणं म्हणायचं.

तिथे गोजरा गायची. मागे तिचा नवरा तुळाजी तंबोरा धरायचा. गोजराचा आवाज असा उंच चढायचा, की कळसावरची कबुतरं उडायची आणि हत्तीचे कान सुपासारखे हलायचे.

मग एकदा काय झालं, तुळाजी झाडावरून पडला. अंथरुणालाच खिळला बिचारा. गोजराने त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, लोकांची धुणी धुतली. गाणं राहिलं ते राहिलंच. एक वर्ष गेलं, दोन गेली, नऊ गेली. दहाव्या वर्षी तुळाजी काठी टेकत उठला. त्याने तंबोऱ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "चल गं, देवळात जाऊ."

देवळात राजा होता, त्याचा कारभारीही होता. कारभारी म्हणाला, "या गोजराबाई. इतकी वर्षं गळा काय माळ्यावर ठेवला होता?"

राजा म्हणाला, "तीन सकाळी देतो. हत्तीने दाद दिली, तर जागा तुझी. नाही दिली, तर तंबोरा माझ्या कोठारात जाईल आणि तू पुन्हा इथे गायचं नाही."

पहिल्या सकाळी तुळाजीने तारा अगदी पूर्वीसारख्या ताणल्या. तो स्वर त्याने नऊ वर्षं मनात जपला होता ना. गोजरा चढली, चढली आणि आवाज फाटला. हत्ती ढिम्म.

दुसऱ्या सकाळी ती मध चाटून गेली. आणखी जोर लावला. आवाज आणखी फाटला. कारभाऱ्याने कानात बोटं घातली.

ती घरी आली, जेवलीसुद्धा नाही. रोजच्यासारखं तुळाजीच्या पायाला तेल चोळायला बसली. चोळता चोळता गुणगुणू लागली. त्याचं दुखणं शांत व्हावं म्हणून ती रोजच गुणगुणायची. आज तिने स्वतःचं ऐकलं. आवाज खालचा होता, भरलेला होता. कुठेही फाटत नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "तंबोरा या आवाजाला जुळवा."

"एवढा खाली? लोक हसतील गं."

"हसू देत. नऊ वर्षं घरात हाच गळा होता."

मग तिसऱ्या सकाळी तुळाजीने खुंट्या पिळल्या, तारा सैल केल्या. गोजरा गायली. कबुतरं उडाली नाहीत, तिथेच पंखात मान घालून बसली. हत्तीचे कानही हलले नाहीत.

"संपलं," कारभारी म्हणाला. "आणा तो तंबोरा."

तेवढ्यात दगड करकरला. हत्तीने पुढचे पाय दुमडले. मग मागचे दुमडले. शंभर वर्षं उभा असलेला हत्ती खाली बसला, सोंड पायाशी ठेवली आणि हळूच डोळे मिटले.

राजाने कारभाऱ्याचा हात धरला. "हळू बोला," तो म्हणाला. "झोपलाय तो."

तेव्हापासून रोज सकाळी गोजराच गायली. दोघं सुखाने नांदली. हत्ती अजून तसाच बसलेला आहे. बघा, दगडालासुद्धा झोप लागली, मग तुम्ही कशाला जागे? ओढा पांघरूण. मिटा डोळे.