लॉर्डसाहेबांची नदी

इंग्लंडातल्या वेलब्रिज गावचा मंगळवारचा बाजार नदीकाठी भरे. एकदा पूर ओसरल्यावर तिथले जहागीरदार लॉर्ड ॲशकोम घोड्यावरून आले आणि म्हणाले, "सनदेप्रमाणे नदी माझी. तिचं पाणी पोचलं तिथवरची जागाही माझी. बाजार उठवा."

सगळे आपापला माल आवरू लागले. चीज विकणाऱ्या डॉर्कसबाई तेवढ्या पुढे आल्या.

"नदी तुमची, मान्य. पण आमच्याकडे गाय दुसऱ्याच्या मळ्यात शिरली, तर मळा गायवाल्याचा होत नाही. गाय कोंडवाड्यात जाते आणि मालक नुकसान भरून देतो. तुमची नदी आमच्या घराघरांत चरून गेलीय, सरकार. कोंडवाड्यात काही ती मावायची नाही, तेव्हा नुकसानीचं तेवढं बोला."

लॉर्डसाहेबांनी घोडा वळवला. "नदी देवाची. आमचा तिच्याशी काय संबंध?"

पुढच्या मंगळवारी देवाच्या नदीकाठी त्यांचा स्वयंपाकी चीजसाठी रांगेत उभा होता.