आधी सूर घ्या, महाराज

पळसदुर्गाचे मानाजीराजे आट्यापाट्यांत मेहुण्याकडून सलग तीन वर्षं हरले होते, आणि चौथा सामना आठ दिवसांवर आला होता!

हरल्यावर दोषी शोधायचं काम दिवाणजींचं. पहिल्या वर्षी दोष धोब्याचा निघाला. त्याने खेळाडूंच्या कपड्यांना खळ जास्त घातली होती म्हणे. दुसऱ्या वर्षी आचाऱ्याचा, तिसऱ्या वर्षी वाजंत्र्यांचा. यंदा दिवाणजींनी घाई केली. सामन्याआधीच मैदानावर वाकून पाहिलं आणि राखेने पाट्या आखणाऱ्या सोपानाच्या रेघाच वाकड्या असल्याचा शोध लावला. हुकूम सुटला, यंदा हरलो तर सोपानाने गाव सोडायचं.

सोपान घरी येऊन मटकन बसला. त्याची मुलगी भिवरा मात्र पदर खोचून थेट दरबारात गेली. तिथे राजे आणि दिवाणजी निवडीचीच चर्चा करत बसले होते.

"म्हाराज, माझ्या बापाची रेघ सरळ हाय. तुमची निवड वाकडी हाय."

राजांनी मिशीवरून हात फिरवला.

"अस्सं? मग यंदाची निवड तूच कर. नवा गडी बाहेरून आणायचा नाही. दोन्हीकडच्या गड्यांतून निवडायचा पहिला मान पाहुण्यांचा, म्हणजे चांगला गडी आधी मेहुणे उचलणार. उरलेल्यांत जिंकून दाखव. हरलीस तर बापाबरोबर तूही गाव सोडायचंस."

"चालंल."

"पहिला कोण घ्यायचा मग?"

भिवरा बोलणार, तेवढ्यात तिची नजर विडेवाल्यावर गेली. तो राणीसाहेबांच्या माहेरून आलेला. त्याचे कान पळसदुर्गात आणि जीभ मेहुण्यांच्या जहागिरीत, हे राजे सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"आधी सूर घ्यायचा, म्हाराज," ती म्हणाली. "पळणारे मागनं."

मधल्या लांब पाटीवर मागे-पुढे धावून जो सगळ्यांची वाट अडवतो तो सूर, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण दरबारातलं कोणी जन्मात पाटीत उतरलं नव्हतं.

"वा!" दिवाणजी खुलले. "म्हणजे सनईवाला भगवंता! सूर असावा तर त्याचा. गेल्या वर्षी वाजंत्री बिघडली तेव्हाच मी म्हटलं होतं."

राजांनीही समजल्यासारखी मान डोलावली. भिवराला हसू दाबता दाबता ठसका लागला.

"दिवाणजींम्होरं आमी काय बोलावं?" असं म्हणून ती निघाली. तिच्या मागोमाग विडेवालाही पानं आणायला म्हणून जो गेला, तो दुसऱ्या दिवशीच परतला.

सामन्याच्या दिवशी दोन्हीकडचे गडी एका रांगेत उभे राहिले. रिवाज असा, की मैदानात हजर असेल त्या कुणालाही निवडता येतं. आळीपाळीने एकेक, नऊ-नऊ जण. मेहुणे उमाजीराव ऐटीत पुढे झाले.

"दाजी, पहिला मान आमचा. आम्हाला तो सनईवाला हवा."

भगवंताच्या हातून सनई निसटली. राजांचा चेहरा पडला.

"गेला आपला सूर! पोरी, आता काय?"

"जाऊ द्या. दादू साळी म्हणा."

"तो काटकुळा? अगं, तो पाहा रंगराव. काय छाती, काय मांड्या! हरणासारखा पळतो."

"पळणारे दोन्ही गावांत ढिगानं हायेत. एक गेला तर दुसरा. सूर दोन्ही गावांत मिळून एकच हाय. रोज मागाच्या लांब ताण्याच्या सुतांच्या कडंनं सकाळपासनं मागं-म्होरं, मागं-म्होरं पळतोय. त्येला वळायला जागा लागत न्हाई."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"राखेनं. डाव झाला की रेघा पुन्यांदा मीच भरते. आडव्या रेघांना मूठभर राख लागती. मधल्या उभ्या रेघेला दोन टोपल्या. जिथं राख जास्त पुसती, तिथंच डाव ठरतो."

राजांनी सुस्कारा सोडून दादूचं नाव घेतलं. उमाजीरावांनी लगेच रंगराव उचलला. मग प्रत्येक खेपेला राजांचा हात एखाद्या पिळदार गड्याकडे जायचा आणि भिवरा खाकरायची. तिने आधी पाट्या धरणारे घेतले, पळणारे शेवटी. राजांना ते नऊ गडी बघवत नव्हते.

डाव सुरू झाला. उमाजीरावांनी आपला मौल्यवान भगवंता मोठ्या कौतुकाने मधल्या पाटीवर उभा केला. त्याच्याकडे दम भरपूर होता, पाय नव्हते. राजांचे गडी त्याला विचारूनच गेल्यासारखे आरपार गेले आणि लोण घेऊन परत आले. उलट्या डावात दादू साळी असा काही फिरला, की रंगराव तीनदा उडी मारायला वाकला आणि तिसऱ्यांदा वाकलेलाच बाद झाला. राजे तीन लोणांनी जिंकले!

उमाजीराव पाय आपटत घोड्यावर बसले. राजे आनंदाने फुगले होते.

"पोरी, पुढच्या वर्षी आम्ही स्वतःच उतरू म्हणतो. आम्हाला कुठे उभं करशील?"

"रेघंच्या भाईर, म्हाराज."

"उद्धट!" दिवाणजी ओरडले.

राजांनी त्यांना हातानेच गप्प केलं. "बाहेर का?"

"आत उभारलं की जो चुकतो त्योच बाद हुतो. भाईर उभारलं की चुकायचं एकानं आन् बाद व्हायचं दुसऱ्यानं. तुमास्नी त्येचीच सवय हाय."

राजांनी तिच्याकडे पाहिलं, मग दिवाणजींकडे पाहिलं, आणि एकदम असे खदखदून हसले की पगडी कानावर आली. सोपानाचा हुकूम त्यांनी तिथेच फाडला. मैदानालगतची विहिरीची जमीन त्याच्या नावे केली आणि निवडीचा मान कायमचा भिवराला दिला. मधली रेघ भरायला दोन टोपल्या राख लागणार होती. ती वाहायचं काम दिवाणजींना मिळालं.