बिनआवाजाचे पंख

शाल्मली वर्गात तोंडच उघडत नाही, असं बाईंनी सांगितलं आणि माझी रात्रभर झोप उडाली. दुसऱ्या दिवशी तिला भात भरवताना मी ही गोष्ट रचली. तात्पर्य काय सांगायचं, ते माझंच ठरलेलं नव्हतं.

पाखरं एकमेकांकडे बसायला जायची, त्या काळातली गोष्ट. नदीच्या दरडीत एक भलीमोठी घुबडीण राहायची. शेजारची कबुतरी तिला म्हणाली, "माझी पोरं उडाली की कशी फडफड ऐकू येते! तुझ्या पिल्लाच्या पंखांत जोरच नाही गं."

झालं! घुबडिणीने पिल्लाच्या पिसांत वाळकी पानं खोचली. पिल्लू सळसळत उडू लागलं आणि तो आवाज ऐकून उंदीर बिळात पळू लागले. तीन रात्री पिल्लू उपाशी राहिलं.

चौथ्या संध्याकाळी, आणखी पानं खोचावीत का, या विचारात ती बसली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आई, अर्धा तुला."

तिने दचकून मान पार पाठीमागे फिरवली. पिल्लू उभं होतं. पायाखाली लठ्ठ उंदीर, अंगावर एकही पान नाही.

"कधी आलास रे?"

"केव्हाचाच! पानं टाकून दिली मी. टोचत होती."

घुबडीण इतकी मोठ्याने हसली, की कबुतरी घाबरून उडालीच.

शाल्मलीने घास गिळला आणि म्हणाली, "पण आई, त्या कबुतरांना कुणी सांगितलं का, जरा हळू उडा म्हणून?"