डिंगीच्या पाण्यात निळा रंग

एक होती बेडकी. नाव तिचं डिंगी. अंग बोराएवढं. राग बैलाएवढा!

हापशाखाली तिचं डबकं होतं. परातीएवढं. पाणी असं, की तळ दिसावा. डिंगी त्यात दिवसभर डुबुक डुबुक करायची.

एक दिवस हणमंता रंगारी आला. शाळेची भिंत त्यानं निळी केली. आणि ब्रश कुठं धुतला? डिंगीच्या डबक्यात! फतक फतक! पाणी झालं निळं. डिंगीचे डोळे चुरचुरले. वर बादलीत रंग उरलेला. तोही हणमंता ओतायला निघाला.

डिंगीचे गाल फुगले टम्म! "डराँव! ए रंगाऱ्या! ओतू नकोस!"

"अगं, पाण्यात कालवायचा रंग हा. पाण्यात गेला तर बिघडलं काय?"

"मग पी की! वाटीभर पी!"

हणमंता काही पिईना. डोकं खाजवत म्हणाला, "कचरागाडी ओला रंग घेत नाही. भुशात कालवला तर सुकेल. जा, भुसा आण. माझा चहा संपेस्तोवर थांबतो. मग ओतणार!"

डिंगी निघाली. टपाक टपाक. रागानं लाल लाल!

सुतार भेटला.

"सुतारा, सुतारा, भुसा पाड!
भुसा रंगात. रंग सुकेल. पाणी माझं वाचेल!"

"नाही जा! होता तो भुसा बंबात जाळला. करवत झाली बोथट. धार लावून आण, मग पाडतो."

टपाक टपाक. धारवाला भेटला.

"धारवाल्या, धारवाल्या, धार लाव!
धार करवतीला. भुसा रंगात. रंग सुकेल. पाणी माझं वाचेल!"

"नाही जा! चाक अडलंय माझं. तेल आण, मग लावतो."

मोठी माणसं ही! एकाला सांगावं, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

टपाक टपाक. ओट्यावर तेलवाली आजी बसलेली.

"आजी, आजी, तेल दे!
तेल चाकाला. धार करवतीला. भुसा रंगात. रंग सुकेल. पाणी माझं वाचेल!"

"नाही गं बाई! मांडीवर बोका निजलाय. तो उठला, तर मी उठेन."

डिंगीचे गाल आणखी फुगले. टम्म टम्म!

"बोक्या, बोक्या, ऊठ!
आजी उठेल. तेल चाकाला. धार करवतीला. भुसा रंगात. रंग सुकेल. पाणी माझं वाचेल!"

बोक्यानं एक डोळा उघडला. "नाही जा! ऊन छान लागतंय. सूर्याला सांग, बाजूला हो. मग उठतो."

"सूर्याला? तिकडे चहा संपत आला, आणि मी सूर्याला सांगत बसू? आळशा! ठोंब्या!"

डिंगीनं मारली उडी. टपाक! थेट बोक्याच्या नाकावर! आणि ओरडली,

"डराँऽऽऽव!"

बोका उडाला. म्याँव!
आजी उठली. अगं बाई गं!
तेल चाकाला. गर्र गर्र!
धार करवतीला. चर्र चर्र!
भुसा पडला. खर्र खर्र!

सुतार टोपली घेऊन पळाला. डिंगी टोपलीत बसून ओरडतेय, "पळ! पळ!"

हणमंतानं चहाचा शेवटचा घोट घेतला. बादली उचलली. तिरकी केली...

"थांब रे ठोंब्या!"

भुसा रंगात. भसाक! हणमंता काठीनं ढवळू लागला. रंगाचा झाला चिखल. हात झटकत म्हणाला, "झालं! हे उन्हात ठेवतो."

"झालं? आणि माझं पाणी कोण काढणार? तुझा मामा?"

हणमंता गुपचूप खाली बसला. तांब्यानं निळं पाणी उपसलं. तेही भुशात. मग हापसा मारला. खटॅक खटॅक! घाम आला, तरी डिंगी म्हणते, "अजून मार!"

निळं गेलं. नितळ आलं. पुन्हा तळ दिसला.

"आता तरी बरं वाटलं का, बाई?"

डिंगी कशाला आभार मानेल? तिचंच पाणी तिला मिळालं, त्यात उपकार कसले! तिनं पाठ फिरवली आणि उडी मारली.

डुबुक!

उन्हात रंग सुकला. खडखडीत गोळा झाला.

गोळा गेला गाडीला,
पाणी राहिलं बेडकीला!