टेकूची वेस

जुन्या शहराच्या उत्तर दरवाजाला टेकूची वेस म्हणतात. येणारा पाहुणा आधी टेकू शोधतो, आणि तो सापडत नाही. कमान धड आहे, चिरे जागच्या जागी आहेत. खांबालगत एक दगडी ओटा आहे आणि खांबावर, खांद्याच्या उंचीला, एक गुळगुळीत खळगा आहे.

पौषातल्या एका दिवशी आमची मंडळी तेथे पोहोचली तेव्हा उन्हे उतरली होती. तलाव, समाधी, राजवाड्याचे जोते, टेकडीवरचे देऊळ पाहता पाहता पाय भरून आले होते. वेशीतल्या मारुतीचे वृद्ध पुजारी अंबादास गुरव समोर आले, तोच आमच्या कमलाकाकू म्हणाल्या, "बाबा, आता दगड दाखवू नका. दगडावर बसवा."

"टेका," ते एवढेच म्हणाले. आम्ही ओट्यावर बसलो. ते उभेच राहिले आणि सांगू लागले.

वेस नवी होती तेव्हा येथे सुभानजी नावाचा पहारेकरी होता, असे सांगतात. दिवस परचक्राचे होते. नाव, गाव, काम कळल्यावाचून कोणास आत घेऊ नये, अशी आज्ञा होती. सुभानजी आज्ञेला चोख होता. जिभेला मात्र तिखट. अशाच थंडीत एक वृद्धा डोक्यावर गाठोडे घेऊन आली. तिला धाप लागली होती. खांबाला हात लावून ती म्हणाली, "टेकू दे रे, बाबा."

"टेकू पडक्या घराला देतात, आजी!" सुभानजी म्हणाला. "आधी नाव सांग."

सोबतचे पहारेकरी हसले.

"टेकू दे. मग सांगते."

त्याने भाला आडवा धरला. नाव सांगण्यापुरताही श्वास तिच्यापाशी उरला नव्हता. ती उभ्यानेच कोसळली आणि गेली. गाठोडे सुटले. त्यात याच मारुतीसाठी आणलेला शेंदूर आणि तिळाचे तेल होते, म्हणे. तेलाने उंबरा भिजला.

दरबाराने सुभानजीला दोष दिला नाही. आज्ञा पाळली गेली होती. धर्म चुकला होता. त्याने मारुतीपुढे टेक धरली : वाटसरू टेकल्यावाचून त्याला काही विचारणार नाही, आणि या वेशीत मी स्वतः कधी बसणार नाही. ओटा त्याने आपल्या हाताने बांधला. पुढे वार्धक्य आले, गुडघे गेले, तरी तो खांबाला खांदा लावून उभा राही. खळगा त्याच खांद्याचा. एके सायंकाळी वाटसरू ओट्यावर विसावले, पण नाव विचारायला कोणी येईना. पाहतात तो सुभानजी खांबाशी उभाच होता. देहात प्राण नव्हता. लोक म्हणाले, वेशीचा टेकू गेला.

कमलाकाकूंनी सरकून जागा केली. "बाबा, तुमचंही वय झालंय. टेका की."

"ज्याची वेस, तो उभा," गुरव म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "हं, आता सांगा. नाव काय आपलं?"

आजही त्या वेशीत आधी बसवतात आणि नाव मागून विचारतात. आजही पौषात मारुतीला पहिले तेल त्या वृद्धेचे म्हणून वाहतात. संकल्प म्हणताना वाहणाऱ्याच्या नावाची जागा आली की गुरव थांबतात, ओट्याकडे पाहतात, आणि ती जागा रिकामी ठेवून पुढचे शब्द उच्चारतात.