तळे सुधार समिती

तळ्यांची गाऱ्हाणी राजा स्वतः ऐकायचा, त्या काळची गोष्ट. एका तळ्यावर जलपर्णी इतकी माजली की खालच्या माशांना श्वास घेता येईना. मरळ माशाला तर वर येऊनच हवा घ्यावी लागते, त्यामुळे मरळबाईची पिल्लं अगदी मलूल पडली. तिनं गजराजाला निरोप धाडला. राजानं लगेच गाडीभर उसाचं अनुदान पाठवलं. म्हशींनी जलपर्णी उपटायची आणि मजुरी म्हणून ऊस खायचा, असं ठरलं.

पण अनुदान आलं की समिती आलीच. कोल्हा अध्यक्ष झाला, माकड आणि रानडुक्कर सदस्य. जलपर्णी उजवीकडून उपटावी की डावीकडून, यावर रोज बैठक होई आणि बैठकीत ऊस. म्हशी काठावर वाट बघत राहिल्या.

एके दिवशी गजराज पाहणीला आला. कोल्हा घाबरला, पण हसत म्हणाला, "महाराज, आपल्यासाठी हा हिरवा गालिचा अंथरलाय. या ना!"

गजराजानं ऐटीत पाय टाकला आणि धबाक्कन तळ्यात पडला. बाहेर यायच्या धडपडीत त्यानं निम्मी जलपर्णी उपटून काठावर भिरकावली. मोकळ्या पाण्यात मरळबाईची पिल्लं वर आली आणि घटाघटा हवा प्यायली.

"काम आपल्याच शुभहस्ते झालं!" कोल्हा ओरडला.

निथळत गजराज म्हणाला, "यापुढे ऊस थेट म्हशींना."

"मग समितीनं काय करायचं?"

मरळबाई म्हणाली, "उरलेली जलपर्णी उपटायची. ऊस सोलून दात मजबूत झालेच आहेत तुमचे."