रानदरीतल्या मठाचे घंगाळ

एका राज्यात प्रसेन नावाचा तरुण राजा होता, आणि त्याच्या पायांचा दगड होत चालला होता. आधी बोटे गेली, मग घोटे, मग गुडघे. दगड छातीला टेकला तेव्हा त्याची थोरली बहीण चारुमती राजवैद्यांना म्हणाली, "आता आपण निघावं." वैद्य निघाले. त्यांना तेच हवे होते.

खिडकीत एक धनेश येऊन बसला. त्या राज्यात पक्षी बोलत, आणि धनेश जरा जास्तच बोलत. पण आज त्याने मोजकेच सांगितले.

"शिकारीच्या नादात राजा रानदरीत उतरला. तिथे ख्रिस्ती संन्याशांचा जुना मठ आहे. पाय धुवायला आणलेलं त्यांचं घंगाळ त्याने लाथाडलं. त्याचा हा शाप. तोडायचा तर तीन कामं आहेत. रानात हाक येईल, ओ देऊ नकोस. मठात जे करतील ते करू दे. तिसरं काम तुझ्या हातचं नाही."

"मग कोणाच्या?"

धनेश उडून गेला.

चारुमती एकटीच दरीत उतरली. झाडी अशी दाट की भरदुपारी पायवाट दिसेना. तोच मागून हाक आली, "अक्का!" आवाज प्रसेनचा. लहानपणी विहिरीत पडला तेव्हा असाच ओरडला होता. ओ अगदी ओठांशी आली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि रडत चालत राहिली. हाक कानापाशी आली, मानेला कोणाचा तरी श्वास लागला. मग सारे थांबले.

समोर मठ होता. काळा दगड, भिंतींना शेवाळ, माथ्यावर क्रूस. आत तपकिरी झग्यातले संन्यासी ओळीने उभे. त्यांना मौनाचा नेम, बोलायचे ते फक्त मठाधिपतीने. अंगणात माणसांचे पुतळे होते आणि प्रत्येकाने एक पाय मागे घेतला होता.

मठाधिपती इनासबाबा पुढे आले. म्हातारे, वाकलेले, हाती तांब्याचे घंगाळ. ते कण्हत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिच्या पायांकडे हात नेले.

चारुमती चटकन मागे सरली. "बाबा, हे काय! आपण वडीलधारे. मला नरकातसुद्धा जागा मिळायची नाही!"

तेवढ्यात तिच्या टाचा गार पडल्या. बोटे हलेनात.

"आमच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले," इनासबाबा म्हणाले. "म्हणून दारी येणाऱ्याचे आम्ही धुतो. पाय मागे घेणारा या दरीचा होतो. तुझ्या भावाने गर्वाने घेतला, तू आदराने. दगडाला फरक कळत नाही, मुली."

"आणि हे अंगणातले?"

"यांच्या घरून कोणी आलं नाही."

चारुमतीने डोळे मिटून पाय पुढे केला. म्हाताऱ्या हातांचा स्पर्श होताच शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण बोटे हलली.

"घंगाळ ने," बाबा म्हणाले. "त्याचे पाय तू धू. त्याने दिले तर."

ती धावत घरी आली तेव्हा दगड राजाच्या गळ्याशी होता. ती घंगाळ घेऊन त्याच्या पायांशी बसली, तसे त्याचे डोळे विस्फारले.

"अक्का, तू नको! तू आईच्या जागी. दासीला बोलाव."

दगड हनुवटीवर चढला. रान ओलांडणे तिच्या हातचे होते, पाय पुढे करणेही. हे नव्हते.

"प्रसेन, पाय दे."

"लाज वाटते गं."

"मलाही वाटली. लाजत लाजत दे."

दगड खालच्या ओठाला लागला. राजा पुटपुटला, "दिले," आणि त्याचे तोंड बंद झाले.

तिने पाणी ओतले. उजवा पाय धुतला, काही झाले नाही. डावा धुतला, काही झाले नाही. तरी ती तळवा चोळत राहिली, लहानपणी त्याचा चिखल काढी तशी.

"अक्का, पुरे," वरून आवाज आला. "गुदगुल्या होताहेत."